धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उंदीर

लग्न होऊन मी केनवडला आले, तेव्हा आमचा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. पन्नास सालानंतरची ती वर्षं. घरात यजमान आणि मी दोघंच. भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, शेजारी वेगळे राहत. वाटणीत शेताच्या मधोमध धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, पडला आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. जाऊबाई आणि मी मात्र विहिरीवर बोलायचो.

एका साली ज्वारी दाण्यावर आली आणि उंदरांनी धुरा पोखरला. कणसं तोडून बिळात न्यायचे. यजमानांनी तालुक्याहून औषध आणलं. ते महाग, म्हणून मी सुचवलं, सांजेला सगळी बिळं बुजवू आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच औषध टाकू. बरीच बिळं ओसाड निघाली. औषध थोडक्यात भागलं. पण काही दिवसांतच धुरा पुन्हा उकरलेला!

"मेले होते ना सारे? मंग हे कुठून आले?" यजमान वैतागले.

मी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडचे तं कमी झाले, बाई. आमी काहीच नाही केलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमची बाजू रिकामी झाली, म्हणून त्यांचे उंदीर इकडे सरकले होते.

माझे वडील मंगरूळपीरच्या शाळेत गणित शिकवायचे. दोन बाजूंनी ठरवायची गोष्ट असली की ते चार घरं आखून दाखवत. मी तशीच ओसरीवर कोळशानं आखली. कोणीच औषध टाकलं नाही तर काय, फक्त आम्ही टाकलं तर, फक्त त्यांनी टाकलं तर, आणि दोघांनी एकाच दिवशी टाकलं तर. प्रत्येक घरात औषधाचा खर्च आणि हाती येणारी ज्वारी अंदाजानं मांडली.

यजमानांनी तिसऱ्या घरावर बोट ठेवलं. "हे बरं हाय. खर्च त्याईचा, फायदा आपला."

"तेबी असंच घर पाहून राह्यले असतीन," मी म्हटलं. "म्हणून तं दोघंबी बसून राह्यता अन् उंदरं खाऊन राह्यले."

ते हसले. मग त्यांनी बोट चौथ्या घरावर सरकवलं.

"पन त्याले सांगनार कोन?"

भासऱ्यांशी मी बोलणं तेव्हा रीतीत बसत नव्हतं. मी जाऊबाईंना घरी बोलावून चारही घरं समजावली. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हिशेब पटकन उमगला. "आज जेवताना काढतो गोष्ट," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना भासरे फावडं घेऊन धुऱ्यावर आले. यजमान या अंगानं, ते त्या अंगानं बिळं बुजवत चालले. बोलणं नाही. सकाळी दोघं औषध टाकत असताना भासऱ्यांचा आवाज आला, "अरे, तुह्या पायापाशी एक राह्यलं."

"हो, दादा," यजमान म्हणाले. मी बांधावर उभी होते. माझे डोळे भरून आले.

उंदीर अगदीच संपले असं नाही, पण ज्वारी वाचली. दोघा भावांचं जाणं-येणं सुरू व्हायला आणखी काळ गेला. मात्र पुढच्या हंगामात कणसं धरायच्या आतच भासरे आमच्या दारात आले आणि म्हणाले, "नाल्याकडच्या वावरातले दोघं-तिघं बी औषधाचं विचारून राह्यले. त्याईलेबी घेऊ का संगं?"