‘माय, गॅस बंद शे’ हे वाक्य कोणाचं

आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मंडळींनी मिळून एक सिनेमा केला होता. त्याचं कौतुक अजून होतं, आणि त्यातल्या एका वाक्याचं श्रेय अजून मला मिळतं. ते वाक्य माझं नाही. मी ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा हे लिहून ठेवलेलं बरं.

सिनेमाची गोष्ट अशी. परग्रहावरचा एक गृहस्थ सिन्नरजवळच्या माळावर उतरतो, नाशकात खोली भाड्याने घेतो आणि साध्या सर्दीने मरतो. याचं कुणालाच नवल वाटत नाही. प्रश्न एवढाच, की त्याचा दहावा कोणी करायचा. शेवटी कॉलनीच करते. यान म्हणून आम्ही गच्चीवरची काळी पाण्याची टाकी वापरली. दिग्दर्शक आमचे शेजारी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. लेखन माझं. शिक्षकांची ताकीद एकच होती, “कुणी हसायचं नाही. जो हसेल त्याला पुढच्या प्रसंगात मारून टाकीन.”

घरमालकिणीचं काम माझ्या बायकोने केलं. गोदेच्या काठी दहाव्याचं चित्रीकरण चाललं होतं. पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणून जो तो मेलेल्याला शब्द देतो. “तुझी तबकडी दुरुस्त करून घेऊ.” “तुझ्या ग्रहावर निरोप धाडू.” घरमालकिणीला मी वाक्य दिलं होतं, ‘तुझी खोली दुसऱ्या कुणाला देणार नाही.’ बायकोने पिंडाकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, “माय, गॅस बंद शे.”

शिक्षक खूश. “अहो, हे कधी लिहिलंत? परग्रहावरच्या बाप्याला माय!”

“काल सुचलं,” मी म्हणालो.

ती शेजारीच उभी होती.

पुढे जिथे जिथे सिनेमा दाखवला तिथे लोक याच वाक्याला सर्वांत जास्त हसले. संवादांसाठी माझा सत्कारही झाला, शाल मी घरी आणली.

आता खरं. बायको सटाण्याकडची. अहिराणी ती फक्त आपल्या आईशी बोलायची. आई शेवटी आमच्याकडेच होती आणि दर थोड्या वेळाने विचारायची, गॅस बंद केला का. उत्तर हीच द्यायची, ‘माय, गॅस बंद शे’, म्हणजे आई, गॅस बंद आहे. आई गेली आणि दहावा भावांनी सटाण्याला केला. कावळा शिवेना. भावांनी शेत सांभाळायचं कबूल केलं, नातीचं लग्न कबूल केलं. बायकांत मागे उभी असलेली ही पुढे निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, “भाऊ आहेत ना? तू कशाला मध्ये?” शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तिला तिथे जे बोलू दिलं नाही, ते ती गोदेवर बोलली. मला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही मी ‘काल सुचलं’ म्हणालो.

पडद्यावर त्या वाक्यासरशी कावळा येतो. तो वेगळ्या दिवशी टिपून जोडला आहे, हेही सांगून टाकतो.

परवा आमच्याच सभागृहात सिनेमा पुन्हा दाखवला. कुणीतरी त्या वाक्याबद्दल विचारलं. मी उभा राहून वर लिहिलं तेवढं सगळं सांगितलं, हात धरल्याचंही. इतकं दुःख इतक्या सरळ चेहऱ्याने बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या घरात आहे, असं म्हणून मी माइक तिच्या हातात दिला.

मागून एक बाई म्हणाल्या, “काकू, मग पुढच्या सिनेमाचं लेखन तुम्हीच करा ना.”

“करते की,” ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “आता कोण जातंय ते बघते आधी.”

आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळं सभागृह हसत सुटलं. सर्वांत मोठ्याने मी हसलो.