मुक्तानं घागर उचलली

कावळ्यावर माझा राग नाही. ते पाखरू पोटासाठी येतं आणि पोट भरलं की जातं. मला किळस येते ती त्याच्या चोचीआडून आपलंच बोलून घेणाऱ्या माणसांची. आमच्या मुक्ताचं सांगते. ऐका आणि मग ठरवा, भाताला टपलेलं कोण होतं.

दिंद्रुडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, ओढ्याच्या वर आमची वस्ती. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा शेजारच्या घरात मुक्ता होती, माझ्याहून थोडी लहान. धोंडीरामभाऊ आणि रतनबाईची एकुलती एक लेक. नाक बसकं, पाय लांब, आणि बोलणं असं की माणूस तिथं हसायचा आणि घरी जाऊन चिडायचा. मला वैनी म्हणायची. अजून म्हणते, आता दोघींनाही दात नाहीत तरी.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. फक्त धोंडीरामभाऊच्या विहिरीला पाणी होतं. त्यांनी आत उतरून, आडवं कोरून एक झरा धरला होता. सगळी वस्ती त्या पाण्यावर जगायची. भाऊ कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणायचे, "न्या बापा, पण बादली आपटू नका, झरा बुजतो." असा माणूस खडी फोडायच्या कामावर गेला, दुपारी कामावर मिळणारी सुकडी खाऊन बाभळीखाली आडवा झाला, तो उठलाच नाही. ऊन लागलं म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ विठ्ठलराव. गावच्या सोसायटीचे चेरमन. भावाच्या मढ्यापुढं गडी रडला, नाही असं नाही, पण रडताना तोंड विहिरीकडं होतं. सुतक फिटायच्या आधीच म्हणाला, "हितं सोसायटीची पाटी लावू. सहकार हाय, समद्यांचं पाणी." समद्यांचं तर ते आधीपासूनच होतं. विहीर तुझी, पाणी समद्यांचं आणि हार चेरमनच्या गळ्यात, याला सहकार म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

पण विहीर होती रतनबाईची, आणि तिच्यामागं मुक्ताची. म्हणजे जो मुक्ताला नवरा मिळेल तो विहिरीचा मालक. विठ्ठलरावाचा मेहुणा अर्जुनराव ओढ्याच्या पल्याडच्या गावात राहायचा. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचा संचालक. चाळिशीला आलेला, पहिली बायको मरून अजून वर्ष झालं नव्हतं. तिचं नाव सुंदरबाई. बाळंतपणानंतर तापानं फणफणली, दवाखान्यात न्यायला संघाची जीप दारात उभी होती. पण त्या दिवशी संघाचं इलेक्शन. जीप मतदार आणायला गेली. सुंदरबाई गेली, अर्जुनराव निवडून आला. गावानं आधी गुलाल उधळला आणि मग तेच हात धुऊन खांदा द्यायला आले. हे मी ऐकीव सांगत नाही, तिच्या तिरडीवर गुलालाचे बोटांचे ठसे होते.

तर धोंडीरामभाऊचा दहावा. ओढ्यात पाण्याचा टिपूस नाही, नुसती वाळू. वाळूवर पिंड मांडला, वर दहीभात, बाजूला मातीच्या बोळक्यात पाणी. आम्ही बाया लांब थडीला, ओढ्याच्या काठावर. कावळे करंजीच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. लोक पिंडाला कडं करून उभे, कावळा येणार तरी कसा? पण असं म्हणायचं नसतं. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं म्हणायचं असतं.

विठ्ठलराव हात जोडून पुढं झाला. "धोंड्या, तुझी बरसी दणक्यात करीन." कावळा ढिम्म. "रतनला अंतर देणार न्हाई." ढिम्म. मग त्यानं मागं वळून हात हलवला. "सरा बे मागं, समदे चिंचेखाली सरा." लोक सरले. वाळू मोकळी झाली. मग सावकाश म्हणाला, "तुझ्या मुक्तीचं लगीन वर्षाच्या आत अर्जुनरावासंगं लावून देतो."

झपकन कावळा उतरला आणि भात घेऊन गेला.

सगळी वाळू "अरारा" करून उठली. बापाची इच्छा. बापाचा जीव लेकीत अडकला होता. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. रतनबाई तर तिथंच बसली आणि कावळा गेला त्या बाजूला हात जोडून राहिली. मुक्ता माझ्याजवळ उभी होती. तिनं ना डोळे पुसले ना हात जोडले. करंजीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावाची बायको छबुबाई हिरवं लुगडं घेऊन आली. त्या घरात अजून चूल धड पेटली नव्हती. रतनबाईचं कपाळ नुकतंच उघडं पडलेलं, आणि ही तिच्यापुढं लुगड्याचा पदर पसरून म्हणते, "बघा जाऊबाई, काठ कसा हाय. नशीब काढलं पोरीनं. माझा भाऊ संचालक हाय." त्या लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सुंदरबाईच्या पेटीतलं होतं ते. छबुबाईनं घडीसुद्धा बदलली नव्हती.

संध्याकाळी मुक्ता विहिरीवर मला म्हणाली, "वैनी, बाबा कावून आले, कावळा का शिवला, माहीत हाय का?"

"कावून?"

"काकानं माणसं मागं सारली म्हणून. त्या वक्ताला काका 'दोन अन् दोन पाच' म्हणला असता तरी कावळा शिवला असता."

"मग तसं बोल की चारचौघांत."

"बोलले. आईपाशी बोलले. आई म्हणती, बापाच्या पिंडावर शंका घेतीस का." तिनं दोर ओढला, घागर कडेवर घेतली. "माझं बोलणं कुणी ऐकायचं न्हाई वैनी. हितं कावळ्याचंच ऐकत्यात. मग कावळ्यालाच बोलतं करावं लागल."

घरात माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. विठ्ठलरावाला तीन वर्षं कुठला धीर निघायला. त्यानं वैशाखातली तिथी काढली. पण त्याआधी अर्जुनरावाला सुंदरबाईचं वर्षश्राद्ध उरकणं भाग होतं. ते त्याच ओढ्यात, आमच्या विहिरीवरून दिसेल अशा जागी व्हायचं होतं. मुक्तानं एवढंच धरून ठेवलं.

श्राद्धाच्या दिवशी तांबडं फुटायला तिनं मला उठवलं. विहिरीजवळची जनावरांच्या पाण्याची दगडी डोणी आम्ही काठोकाठ भरली. कडेवर भाकरीचे तुकडे चुरून टाकले. त्या दुष्काळात एवढं उघडं पाणी पाखरांना कुठं दिसणार? चार कोसांतले कावळे असतील नसतील ते डोणीवर आले. मुक्ता म्हणाली, "वैनी, तू हितंच बस. मी पाव्हण्यांना पाणी पाजायला वाळूत चालले. मी घागर डोक्यावर घेतली की डबा वाजव. तवर एकाला हाकलू नको."

मी डबा आणि काठी घेऊन बसले. वाळूतली माणसं तिथून दिसायची, आणि ओढ्याला आवाज असा घुमतो की बोलणं अर्धं-निम्मं कानावर यायचंच. राहिलेलं मग मुक्तानं सांगितलं.

पिंड मांडला. कावळा नाही. विठ्ठलरावानं शहाण्यासारखं आधीच सगळ्यांना मागं सारलं. तरी कावळा नाही. करंजीवर बघावं तर एक पाखरू नाही. ऊन चढलं. वाळू पायाला चटके देऊ लागली. अर्जुनराव हात जोडून म्हणाला, "सुंदरे, तुझ्या लेकीला शाळेत घालीन." नाही. "तुझे दागिने तिच्याच अंगावर घालीन." नाही. माणसं एकमेकांच्या सावलीत उभी राहायला लागली. कुणीतरी कुजबुजलं, जीपचं मनात धरलं असल.

सुंदरबाईची आई बायनाबाई तिच्या गावाहून, युसूफ वडगावाहून आलती. काठी टेकत चालणारी म्हातारी, पण आवाज खणखणीत. ती पुढं झाली. "अर्जुना, माझ्या लेकीचं काय अडलंय ते मला ठावं हाय. म्हण, 'दुसरी बायको करणार न्हाई.'"

अर्जुनरावाच्या कपाळावरून घाम गळत होता. मुक्ता घागर वाळूवर ठेवून उभी होती. बायनाबाईला आमच्या डोणीचं काही माहीत नव्हतं. ती तिच्या जळण्यातून बोलली.

"सासूबाई, असं कसं..."

"म्हण. न्हाईतर उभा रहा पावसाळ्यापत्तुर. यंदा येतोय का न्हाई तो पाऊस तरी, द्येवाला ठावं."

दोघं-तिघं हसले. विठ्ठलराव मेहुण्याच्या कानाशी लागला. मग अर्जुनरावानं घसा साफ केला. सभेत बोलणारा माणूस, शब्द कुठं कातरायचा ते त्याला कळायचं. म्हणाला, "सुंदरे, धोंडीरामच्या मुक्तीला मी बायको करणार न्हाई."

मुक्तानं घागर उचलली.

मी डबा बडवला. सगळा काळा थवा उठला, आणि भाताशिवाय जाणार कुठं? पिंडावर नुसती झुंबड. एक नाही, दहा-बारा. भात तर गेलाच, बोळकंही कलंडलं. बायनाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आपल्या लेकीनं ऐकलं असं वाटलं तिला. तिच्याकडं बघून माझ्या हातातला डबा मला जड झाला.

विठ्ठलरावाला आता तोंड नव्हतं. हा कावळा खोटा म्हणावा तर स्वतःचा कावळाही खोटा ठरतो. रतनबाईनं लुगडं घडी करून छबुबाईच्या दारात ठेवलं. सोसायटीची पाटी रंगवून तयार होती, ती विठ्ठलरावानं गोठ्यात गव्हाणीला लावली. म्हशी सहकारावर मान टाकून उभ्या राहायच्या.

इथं गोष्ट संपली असती तर मला किळस कशाला आली असती? पण वैशाखातली तिथी अर्जुनरावानं वाया जाऊ दिली नाही. संघाची जीप चकलांब्याला गेली आणि नवरी घेऊन आली. या कामाला जीप मोकळी होती. ताराबाई. वयानं मुक्ताहून लहान. आईबाप खडीवर, घरात खायला दाणा नाही, तिथं संचालक मागणी घालायला आला म्हणजे देवच आला. वचन मोडलं का? कुठं मोडलं? धोंडीरामच्या मुक्तीला करणार नाही म्हणाला होता, नाही केली. गावात पारावर बसलेल्यांनी त्याच्या या हुशारीचं कौतुक केलं. छबुबाईनं तेच हिरवं लुगडं काढलं. या खेपेला घडी तेवढी बदलली.

मुक्ता डोणीच्या काठावर बसली होती. "वैनी, मी घाई केली. म्हातारी समदं मागत व्हती. मी माझं नाव सुटल्यालं ऐकलं अन् घागर उचलली. अजून थोडं ऊन सोसलं असतं तर?"

"तर तो अजून बारीक कातरून बोलला असता."

"बोलला असता. पण उभा तर राहिला असता."



तीन वर्षांनी मुक्तानं लग्न केलं, उत्तरेश्वर नावाच्या गड्याशी. विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचा, कानानं थोडा कमी. ती म्हणायची, "बरंय, माझं बोलणं अर्धंच जाईल, संसार टिकल." तो इथंच राहिला, विहिरीवर. रतनबाई त्याच्या हातचं पाणी पिऊन गेली. पुढं गावात बायांची दूध सोसायटी निघाली तेव्हा मुक्ता तिची चेरमन झाली, आणि हाराला मान द्यायच्या ऐवजी ती तो म्हशीच्या गळ्यात घालायची.

ताराबाईचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हाही जीप कुठंतरी गेलेलीच होती. मुक्तानं उत्तरेश्वरला उठवलं नाही, तिला दवाखान्यात न्यायला स्वतः बैल जुंपले. वाटेत, ताराबाई कण्हत असताना, तिनं तिला डोणीचं, डब्याचं, घागरीचं सगळं सांगून टाकलं. सांगायची ती काय वेळ होती? पण सांगितलं. ताराबाई म्हणाली, "अक्का, आधी गाडी नीट हाक." लेक झाली. दोघी जगल्या. त्यानंतर ताराबाई दूध घालायला रोज आमच्या थडीला यायची, नवऱ्याच्या शिव्या दुधाच्या कासंडीसकट घेऊन.

परवा अर्जुनराव गेला. ऐंशीच्या पुढं जाऊन, अंथरुणात, ताराबाईकडून सगळं करून घेऊन. दहाव्याला मोटारी आल्या, पुढारी आले, भाषणं झाली. सहकारमहर्षी म्हणाले त्याला. आम्ही म्हाताऱ्या लांब बसलो होतो. मुक्तानं पाण्याची कळशी आणलेली, या वयातही तिला रिकाम्या हातानं यायला जमत नाही.

कावळा काही शिवेना. लोक मागं सरले. वचनं सुरू झाली. पुतळा उभा करू, कमानीला नाव देऊ. कावळा नाही. शेवटी सगळे ताराबाईकडं वळले. तिचा थोरला म्हणाला, "आई, तू काहीतरी म्हण. तुझ्यातच जीव अडकला असल."

ताराबाई म्हणाली, "मला काही म्हणायचं न्हाई."

"आई, लोक खोळंबलेत."

"मग घरी जा म्हणावं लोकांना."

ती उठली, आमच्यापाशी आली. मुक्ता हात टेकून उठायला लागली, तर ताराबाईनं वाकून कळशी स्वतःच उचलली आणि कडेवर घेतली. "चला अक्का, ऊन लई झालं."

आम्ही तिघी थडीनं निघालो. मागून कुणी हाका मारत होतं, आम्ही वळलो नाही. संध्याकाळी कळलं, वाट बघून बघून शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. ताराबाई भाकरी थापत होती, तिला सांगितलं.

"गवताचा का?" म्हणाली. "बरं झालं. जित्या कावळ्याच्या घशाखाली त्यो भात गेला नसता."