अर्धी गोळी

भवानी पेठेत जगदेवीच्या कडक भाकरीला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही आणि तिच्या गुडघ्यांना कधी आराम मिळाला नाही. सकाळी चुलीपुढं बसली की दुपारपर्यंत उठायची नाही. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, मग निखाऱ्याच्या धगीला पापडासारखी कडक होईपर्यंत फिरवत राहायची. उठताना भिंतीला धरून उठायची. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली गोळ्यांची पट्टी फडताळात कायम असायची.

नवरा मडिवाळप्पा सूत रंगवायच्या कारखान्यात होता. रंगाच्या वाफेनं छाती धरली तेव्हा काम सुटलं. शेवटच्या दिवशी तो घरी आला तो पिशवीत एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन. कारखान्याच्या आवारात त्याची आई गाडीखाली गेली होती.

"हे कशाला आणलाव?" जगदेवी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की. मला दिवसभर कोण हाय बोलायला?"

रंग तपकिरी, गोल गरगरीत, म्हणून नाव पडलं पेढा. मडिवाळप्पा दारातल्या बाजेवर बसायचा, पेढा बाजेखाली. नवरा खोकायला लागला की पेढा उठून त्याच्या मांडीवर तोंड ठेवायचा. जगदेवी चुलीपुढून ते बघायची. पेढ्याच्या वाटची भाकरी ती वेगळी, मऊ करायची, ताकात कुस्करून.

कुत्रं पाळायचं तर ते आजारी पडता कामा नये, हे तिनं पहिल्याच वर्षी ठरवलं. खासगी दवाखान्याची पायरी आपल्याला झेपणारी नाही. मग तिनं शोधून काढलं की सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नाममात्र पैशात केसपेपर निघतो. पिसाळीची लस तिनं एकदाही चुकवली नाही. जंताचं औषध केव्हा आणि किती द्यायचं ते डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. रोज दिवेलागणीला पेढ्याला आडवा पाडून कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची आणि चिमट्यानं काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तरी पेढ्याच्या अंघोळीची बादली बाजूला निघायची. उन्हाच्या आधी फिरवणं, नखं कापणं, तिखट-मिठाचं काही न देणं, सगळं पोटच्या पोरासारखं.

पेढ्याची कातडी चकाकायची. बोळातल्या लोकांना त्याचं नवल वाटायचं. हळूहळू ज्याच्या दारी कुत्रं असेल तो जगदेवीकडं यायला लागला. अक्का, ह्याचे केस गळायलेत. अक्का, ही माती खायलीय. जगदेवी सगळ्यांना गोळा करून एकाच टमटममधून लस टोचायला घेऊन जायची. दवाखान्यातल्या डॉक्टर ऋतुजा मॅडम एकदा भरल्या रांगेपुढं म्हणाल्या, "जनावर कसं सांभाळावं ते या मावशींकडून शिका." त्या दिवशी घरी येताना जगदेवीला गुडघे दुखल्याचं आठवलंसुद्धा नाही.

मे महिन्यात पेढ्यानं मांजरामागं उंच ओट्यावरून उडी घेतली आणि मागचा पाय उचलून उचलून चालायला लागला. लग्नसराई होती. तीन घरच्या भाकरीची ऑर्डर अंगावर होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला रिक्षावाले घेत नव्हते. जगदेवीनं पाय चाचपून बघितला. मोडलेला नव्हता.

"मुरगळलाय," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याचीच गोळी देते अर्धी."

"मॅडमला इचार की एकदा," मडिवाळप्पा म्हणाला.

"मुरगळल्याचं काय इचारायचं? मला गुण येतोय, त्याला न्हाय येणार?"

तुपात भिजवलेल्या भाकरीच्या तुकड्यात दडवून तिनं अर्धी गोळी दिली. संध्याकाळी पेढा चारी पाय टेकून चालला. मग ती सकाळ-संध्याकाळ द्यायला लागली.

दुसऱ्याच दिवशी सिद्धराम आला. कोपऱ्यावर त्याचं पंक्चर काढायचं दुकान. बायको गेल्यापासून तो आणि त्याची म्हातारी कुत्री राणी, दोघंच. राणीचे सांधे धरले होते, बसली की उठायला कण्हायची.

"अक्का, लई दुखतंय वो तिला. बघवंना."

जगदेवीनं फडताळातून पट्टी काढली, कात्रीनं मधोमध कापली आणि एक तुकडा त्याच्या हातात ठेवला. "अर्धी अर्धी दे. पेढा बघ कसा पळायलाय."

सिद्धरामनं दोन्ही हात जोडले. पैसे विचारले. "गप," ती म्हणाली.

पुढं काही दिवसांनी पेढ्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. पाणी मात्र सारखं प्यायचा. पाय पुन्हा लंगडायला लागला. ताक दिलं, ओकला. आता जगदेवीचा धीर सुटला. अर्धं काम टाकून, ओळखीच्या टमटमवाल्याला गाठून, ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

रांगेत बोळातल्या दोघी होत्या. "अक्का, तुमी हितं? तुमच्या पेढ्याला काय झालं?" म्हणत त्या आत टेबलापर्यंत मागं आल्या.

ऋतुजा मॅडमनी पाय दाबून बघितला, ताप बघितला. "मावशी, घरी काही औषध दिलंत का? दुखण्याची गोळी वगैरे?"

जगदेवीनं त्या दोघींकडं बघितलं. ज्या बाईला सगळे विचारून करतात तिनं काय सांगावं, की माणसाची गोळी कुत्र्याला घातली? तोंडातून शब्द निघून गेला.

"न्हाय मॅडम. काय न्हाय दिलं."

"नक्की?"

"व्हय की. मी कशाला देईन?"

मॅडमनी मान डोलावली. जगदेवीवर त्यांचा भरवसा होता. पाय सुजलाय, दुखतंय म्हणून खात नसेल, असं म्हणत त्यांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि उद्या रक्त तपासू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेखाली डांबरासारखी काळी घाण होती. पेढा उठायला गेला आणि जागेवरच बसला. मग ओकला, त्यात रक्त होतं. मडिवाळप्पा बाजेवरून खाली उतरून त्याच्या शेजारी फरशीवर बसला होता. त्यानं बायकोकडं बघितलं. आवाज चढवायची त्याच्या छातीत ताकद नव्हती.

"मॅडमला सांगितलीस का गोळीचं?"

ती फडकं घेऊन फरशी पुसायला लागली.

"जगदेवी."

"न्हाय सांगितलं."

"का?"

ह्याचं उत्तर तिच्याकडं होतं, पण ते नवऱ्यासमोर उच्चारायची लाज वाटली. तिनं चूल पेटवलीच नाही. जुन्या चादरीत पेढ्याला गुंडाळला, बोळाच्या तोंडाशी रिक्षा अडवली आणि जास्त पैसे देते म्हणून आत बसली. मांडीवरचं ते अंग, एरवी केवढं जड, आज हलकं लागत होतं.

दवाखान्यात आज रांग नव्हती. असती तरी तिनं सांगितलंच असतं, असं ती पुढं स्वतःला म्हणायची, पण तिचा तिलाच भरवसा वाटायचा नाही.

"मॅडम, मी काल खोटं बोलले. माझ्या गुडघ्याची गोळी देत हुते त्याला. सकाळ-संध्याकाळ."

ऋतुजा मॅडमचा हात जागच्या जागी थांबला. "कुठली गोळी? नाव?"

तिनं नाव सांगितलं. मॅडमनी डोळे मिटले, क्षणभरच, आणि लगेच सलाइन लावायची तयारी केली. काम करत करतच त्या बोलत होत्या.

"ह्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, मावशी. किडनीवर जातात. आणि त्यावर काल मी तसलंच इंजेक्शन दिलं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून दिलं."

"माजंच चुकलं."

"पैसे वाचवायला माझी कधी ना नव्हती. लस वेळेवर, गोचीड हातानं, जंताचं औषध विचारून, तुम्ही वाचवता ते बरोबर वाचवता. पण औषध विचारल्याशिवाय नाही. नुसता फोन केला असता तरी मी सांगितलं असतं. फोनला काय पैसे पडणार होते?"

जगदेवीनं पेढ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पेढ्याच्या पायात सुई गेली तरी तो हलला नाही.

"आणखी कुणाला दिलीत का ही गोळी?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा तिला सिद्धराम आठवला.

पेढ्याला सलाइन चालू असतानाच ती निघाली. पंक्चरच्या दुकानात सिद्धराम पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. बाजूच्या पोत्यावर राणी नव्हती.

"सिद्धराम, राणी कुटं हाय?"

"गेली अक्का. काल सकाळी. गावाबाहेर माळावर पुरून आलो." त्यानं हात पुसले, तिच्यासाठी लाकडी खोका पुढं सरकवला. "दोन दिस उलट्या करायलती, खात न्हवती. वय झालंतं तिचं. पर तुमच्या गोळीनं लई आराम पडला वो. शेवटी चार दिस तरी कण्हली न्हाय. मी सगळ्यांना सांगायलोय, अक्कानं केलं म्हणून."

जगदेवी खोक्यावर बसली नाही. इथून गप्प परत जाता आलं असतं. तो तिचे उपकार मानत होता, राणी म्हातारी होती, कुणाला कळलं नसतं. काल तिनं असंच एकदा खरं दडवलं होतं आणि तिकडं तिचं जनावर सलाइनवर पडलं होतं.

"वयानं न्हाय गेली," ती म्हणाली. "माझ्या गोळीनं गेली असंल. पेढ्याला बी तेच झालंय. कुत्र्याला ती चालत न्हाय. मला ठाऊक नव्हतं आन् मी तुला दिली."

सिद्धरामनं घमेल्यातली ट्यूब बाहेर काढली.

"तुमाला कधी कळलं?"

"आत्ता. दवाखान्यातनंच यायले."

त्यानं ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. बुडबुडे येत होते, पण तो त्यांच्याकडं बघत नव्हता. "जावा अक्का आता," एवढंच तो म्हणाला.

पेढा वाचला. आठवडाभर सलाइन, बाहेरच्या लॅबमधल्या रक्ताच्या तपासण्या, पोटाची औषधं. लग्नसराईत भाकऱ्या विकून मिळवलेलं सगळं त्यात गेलं आणि वर मडिवाळप्पाच्या औषधातलंही थोडं गेलं. मॅडमनी शेवटी सांगितलं की किडनी थोडी निकामी झाली आहे, ती पूर्ववत होणार नाही. खाणं जपायचं, पाणी कायम पुढं ठेवायचं, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. पेढा चालायला लागला, पण त्याच्या कातडीची चकाकी गेली. नवरा खोकला की उठायचा, फक्त आता सावकाश.

बोळात दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. कुणी म्हणालं, जगदेवीनं कुत्री मारली. कुणी म्हणालं, डॉक्टर उगाच घाबरवतात. कुणी काही विचारायला आलं तर ती म्हणायची, "मी काय सांगत न्हाय. चला, दवाखान्यात येते संगं." काही जण येत, काही परत जात. डॉक्टरीणबाईंपुढं ती अजून मान वर करून उभी राहायची नाही. मॅडम पूर्वीसारख्याच बोलायच्या, पण आता केसपेपर लिहिताना काय काय दिलं ते दोनदा विचारायच्या. त्या दुसऱ्या विचारण्यानं जगदेवीला कानकोंडं व्हायचं, आणि ती दोन्ही वेळा खरं सांगायची.

सिद्धरामनं तिच्या दारावरून जाणं सोडलं होतं. पाण्याला जातानासुद्धा लांबच्या बोळानं जायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठल्यानंतर एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. जगदेवी भाकऱ्या कागदात बांधत होती.

"ये, बस," मडिवाळप्पा बाजेवरून म्हणाला. सिद्धराम उंबऱ्यावरच टेकला. पेढ्यानं येऊन त्याचा हात हुंगला. त्यानं हात काढून घेतला नाही.

"अक्का, एक इचारायचं हुतं," तो म्हणाला. "मॅडमला तुमी इचारलं असंल. राणीला लई तरास झाला असंल का वो? शेवटच्या दोन दिसात?"

पेढ्याचं ते फरशीवर बसणं, ओकणं, डोळे अर्धे मिटून बघत राहणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. सिद्धराम तिच्या तोंडाकडं बघत होता. नाही म्हटलं असतं तर तो उठून हलका होऊन गेला असता.

"व्हय," ती म्हणाली. "झाला असंल."

सिद्धरामनं मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. "मला वाटलंच," तो म्हणाला. "पोट आखडून बसायची. मी म्हटलं, वय."

जगदेवी भिंतीला धरून उठली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं. तांब्या हातात घेऊन तो तसाच बसून राहिला.