फुर्तादांच्या मशीनची रिकामी पेटी

बाप वारल्यावर कुडतरीच्या फुर्तादांकडे सगळ्याची वाटणी झाली. शेत वाटलं, माड वाटले, मोडक्या खुर्च्यासुद्धा वाटल्या. दोनच गोष्टी अडून राहिल्या. एक म्हणजे आजोबांनी लिस्बनहून बोटीने आणलेला, पेटीत घालून हातात नेता येणारा टाइपरायटर. आणि दुसरी, लग्न न झालेली बहीण पियेदाद. दोन्हींचे तुकडे पडेनात. टाइपरायटरसाठी दोघे भाऊ हट्टाला पेटले. पियेदादसाठी कोणीच पेटलं नाही.

थोरला आग्नेल जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होता, पण गावात कप्तानासारखा चालायचा. धाकट्या रुझारचं खिळे-रंगांचं दुकान. दोघांची भांडणं ऐकून कंटाळलेल्या पाद्री विगाराने शेवटी तोड काढली. "सायबीण कशी घरोघर फिरते? आज या घरी, उद्या त्या घरी. तसं मशीन वर्षभर थोरल्याकडे राहू द्या, वर्षभर धाकट्याकडे. आणि आता मला जेवू द्या."

फुर्तादांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. सायबीण म्हणजे मरियेची मूर्ती, ती वाड्यावरून, म्हणजे वस्तीतल्या घराघरांतून, मेणबत्त्यांसकट फिरते. गावच्या चर्चचं फेस्त आटोपलं की मशीनही तसंच निघू लागलं. पुढे व्हायोलिन, मागे मेणबत्त्या, मध्ये आग्नेल काळी पेटी छातीशी धरून. पोचल्यावर लादाइनची प्रार्थना, उकडलेले चणे, बायकांना वाइन, पुरुषांना फेणी. मग आजोबांच्या फोटोखाली, आग्नेलच्या बायकोने विणलेल्या जाळीदार रुमालावर मशीनची स्थापना. मशीनला तेल घालायला, पुसायला कोणीतरी हवं, म्हणून मागून आपली ट्रंक घेऊन पियेदाद. मशीन दिवाणखान्यात जायचं, पियेदाद स्वयंपाकघरामागच्या खोलीत, कांद्यांच्या पोत्यांशेजारी.

मौज अशी की ते मशीन चालवता येत होतं फक्त तिला. त्याच्या कळांची मांडणी पोर्तुगीज, भलतीच; कॉम्प्युटर शिकलेले भाचे बसले की त्यांच्या बोटांच्या गाठी व्हायच्या. बापाने आधी मुलांनाच शिकवायला घेतलं होतं, पण मुलगे फुटबॉल घेऊन पळाले. मग घरापुढच्या बलकांवावर बसून पियेदाद शिकली. अख्ख्या वाड्याचे अर्ज ती टाइप करायची. बाप खाली सही करायचा आणि वर मानही घ्यायचा. आता मात्र मशीनवर टाइप करायची बंदी होती. "ठेवणीतली वस्तू आहे ती," आग्नेल म्हणायचा, "बडवायची नाही." तेल घालायच्या दिवशी दार लावून ती कागदाशिवायच दोन ओळी बडवून घ्यायची.

मोठी मागणी नव्हती तिची. ट्रंक एकदा पार रिकामी करावी आणि ती पुन्हा भरावी लागू नये, एवढंच तिला हवं होतं. साठी उलटलेल्या बाईला एवढंही मिळू नये याचा संताप येतो, पण फुर्तादांच्या घरात तो कोणालाच येत नव्हता.

एका वर्षी मशीन रुझारकडून आग्नेलकडे निघायच्या दिवशी, चणे खाता खाता पाववाल्या पोदेराची विधवा एस्पेरांसा म्हणाली, "आग्नेलबाब, सायबीण माझ्या झोपडीतही येते हं. तुमचं मशीन तिच्यापेक्षा थोर दिसतं."

लोक हसले. आग्नेल पुढच्या फेस्ताचा प्रेजेंत, म्हणजे मानाचा यजमान, व्हायला निघालेला. वाड्याची मतं हवी होती आणि पोटात फेणीही होती.

कोपऱ्यातून पियेदाद हळूच म्हणाली, "आपल्या बापाने तर सगळ्या वाड्याचे अर्ज लिहिले, आग्नेल."

"मग?" आग्नेल उठलाच. "फुर्ताद काय कंजूष आहेत? या वर्षी मशीन वाड्यावर फिरेल! प्रत्येक घरी! सायबिणीचे सगळे नियम लागू!"

टाळ्या पडल्या. विगाराने डोळे मिटले. रुझारने आग्नेलचा कोट ओढला, पण उशीर झाला होता.

मशीन वाड्यावर निघालं आणि मागून पियेदाद. पण वाड्यातल्या लोकांकडे दिवाणखाने नव्हते आणि जाळीचे रुमालही. मशीन जेवायच्या टेबलावर ठेवलं जायचं आणि लगेच कोणीतरी म्हणायचं, "बाय, पंचायतीला एक अर्ज मारून दे ना. गटार तुंबलंय." पियेदाद मारून द्यायची. रात्री तिच्या ताटात माशाचा मधला तुकडा पडायचा. खाली सहीही आता तिचीच असायची. असं फिरत फिरत मशीन एस्पेरांसाकडे पोचलं आणि तिथेच थांबलं.

आठवडे गेले. आग्नेल वाट पाहून थकला आणि एस्पेरांसाच्या दारात आला.

"मशीन पुढे का गेलं नाही?"

"न्यायचंच आहे, बाब. पण गुडघा धरलाय माझा."

"मग मी नेतो."

"अरे देवा! सायबीण कोणी कधी दुसऱ्याच्या घरात शिरून ओढून नेली आहे? ज्या घरी असते त्यांनीच उचलून पुढे द्यायची. नियम तुम्हीच लावलेत, सगळ्यांसमोर. विगाराला विचारू या?"

बलकांवावर अर्जासाठी बसलेली माणसं कान देऊन ऐकत होती. ती सगळी मतं होती. आग्नेलने घाम पुसला आणि आत डोकावला. पियेदाद त्याच्याकडे न बघता टाइप करत होती.

"पियेदाद," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दिवाणखान्यातलं टेबल मोकळं आहे. लोक विचारतात. फेस्ताला रुझार हसेल. काहीतरी कर."

तिने हात थांबवले. तिला त्याची कीवही आली आणि हसूही. "पेटी ने," ती म्हणाली.

"नुसती?"

"बंद ठेव. सांग, जुनं यंत्र आहे, हवा लागली की बिघडतं. नाहीतरी कधी उघडून बघितलंय कोणी तुझ्याकडे?"

आग्नेलचा चेहरा उजळला. त्याने पेटी उचलली, सवयीने छातीशी धरली आणि मागल्या वाटेने गेला. मशीन पेटीवाचून आता कुठेच नेता येणार नाही, हे त्याच्या घरी पोचेपर्यंतही लक्षात आलं नाही. पियेदादच्या मात्र ते तोंडून शब्द निघण्याआधीच लक्षात आलं होतं.

तो प्रेजेंत झाला. पुढचं फेस्त आटोपलं आणि पेटीची पाळी रुझारकडे आली. रुझारला आतली गोष्ट ठाऊक होती, पण मान सोडायला तोही तयार नव्हता. मिरवणूक एस्पेरांसाच्या दारावरून गेली. पुढे व्हायोलिन, मागे मेणबत्त्या, मध्ये आग्नेल, रिकाम्या पेटीच्या ओझ्याने वाकलेला. बलकांवावरच्या माणसांनी उठून छातीवर क्रूस काढला. काहींना हसू आवरेना.

"बाय," एस्पेरांसाने विचारलं, "पेटी पुसायला नाही जायचं तुला?"

"रिकामी आहे. पुसतील त्यांचे तेच," पियेदाद म्हणाली आणि तिने मशीनमध्ये नवा कागद चढवला.

तिची ट्रंक मागच्या अंगणात उघडी पडली होती. तिच्यात पेंढा घालून एस्पेरांसाची कोंबडी अंड्यांवर बसली होती.