तक्रार वहीचं पहिलं पान

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. लेथ मशीनखाली लोखंडाचा चुरा साठतो तसे ते आपोआप साठतात. शिफ्ट संपल्यावर झाडू हातात घेतला की कळतं, अरे बापरे, एवढा झाला!

मी माने. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये टाइम ऑफिस सांभाळतो. कोण कधी आलं, कधी गेलं, रजा, लेट मार्क, गेटवरचे पाहुणे, सगळी रजिस्टरं माझ्याकडं. मी नियमाचा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि आमचे मालक भूपालअण्णा, नृसिंहवाडीच्या बाजूच्या जैन शेतकरी घरातले, त्यांना माणसं कळतात पण नियम कळत नाहीत. बावीस वर्षं माझं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा!

तर झालं काय, गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडनं ट्रॅक्टरच्या पार्टची ऑर्डर यायची होती. आली तर आमची सेकंड शिफ्ट चालणार, नाही आली तर बंद. सेकंड शिफ्टला अठरा माणसं. ती अठरा नावं मी रोज माझ्या हातानं लिहितो. कुणाच्या पोराची दहावी आहे आणि कुणाच्या घराचा स्लॅब अर्धा राहिलाय, हे मला विचारावं लागत नाही.

माल पास झाला होता. राहिलं होतं माणसांचं ऑडिट. त्यात एक ओळ होती : कामगाराला मालकापर्यंत तक्रार करायची सोय आहे का? लेखी पुरावा दाखवा.

ऑडिटच्या मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "बाकीचं थोडं मागंपुढं चालेल. या ओळीवर टिक नसेल तर ऑर्डर दुसरीकडं जाईल. आणि तक्रार वही कोरी असेल तर मी असं धरते की तुमची माणसं घाबरतात."

मी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. वर 'तक्रार वही' असं ठसठशीत लिहिलं, आत 'तक्रार' आणि 'कार्यवाही' असे दोन रकाने आखले आणि कँटीनमधल्या खिळ्याला बांधली, पेनासकट. आठ दिवसांत पेन गायब. वही कोरी! पेन गेल्याची तक्रारसुद्धा कुणी लिहिली नव्हती.

मग मी जुनी रजिस्टरं काढून बसलो. म्हटलं, बावीस वर्षांत कुठंतरी एखादा लेखी पुरावा सापडेल. सापडलं ते हे असलं.

* * *

रजा रजिस्टर, जुलैचं पान.

नामदेव आमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर. गाव शाहूवाडीकडं. पाऊस लागला की ह्याची भाताची लावण सुरू. चार दिवसांची रजा टाकून गेला आणि सहावा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. इकडं त्याच्या मशीनवरचं काम अडून राहिलेलं.

मी म्हटलं, "अण्णा, नोटीस काढतो."

अण्णा म्हणाले, "नोटीस वाचायला त्याला चिखलाचं हात धुवावं लागतील. त्यापरास मीच जातो."

गेले. बघतात तर बायामाणसं मिळेनात म्हणून नामदेव, त्याची बायको आणि म्हातारी आई, तिघंच वावरात वाकलेली. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले की चिखलात! आता नदीकाठच्या ऊसवाल्या माणसाला भाताचं काय कळतंय? तासाभरानं नामदेवची आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. हे कोण आहेत, तिला काहीच माहीत नव्हतं.

"पावणं," ती म्हणाली, "लई हातभार लावलासा. आता बांधावर बसा बघू!"

नामदेव दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला होता. आला तिसऱ्या दिवशी. मी लाल पेन काढून तयारच होतो.

"का रे?"

"अण्णांनी लावलेली रोपं सकाळी पाण्यावर तरंगाय लागलीती, सायेब. सगळी परत लावली."

त्या दिवसासमोर कारणाच्या रकान्यात अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, 'मालकाच्या चुकीमुळे एक दिवस जादा.' आता हे ऑडिटला दाखवू?

* * *

लेट मार्कचं रजिस्टर.

सर्जेराव गगनबावडा रोडवरच्या एका वाडीतनं येतो. पावसाळ्यात रोज वीस मिनिटं उशीर, ठरलेला. मी त्याला तीन पत्रं दिली. तिन्ही टाइप केलेली, तारखेसकट.

अण्णा म्हणाले, "तीन पत्रं दिलीस, एकदा विचारलंस काय?"

"त्यात विचारायचं काय? घड्याळ आहे की!"

एका संध्याकाळी अण्णा सर्जेरावबरोबर एसटीत बसून त्याच्या घरी मुक्कामाला गेले. सकाळी दोघं मिळून निघाले. वाडीतनं फाट्यापर्यंत चालत, तिथं पहिली एसटी, ती आधीच उशिरा सुटलेली, त्यात वाटेत झाड पडलेलं. दोघं निथळत गेटवर आले तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती.

मी दोघांना गेटवरच थांबवलं आणि दोघांना लाल शाई केली. मालकालासुद्धा! अण्णांनी मुकाट्यानं सही केली आणि म्हणाले, "बरोबर केलंस." त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली.

मग सर्जेरावची वेळ अर्धा तास पुढं नेली. यायचं अर्धा तास उशिरा, जायचंही अर्धा तास उशिरा. आणि तिसऱ्या दिवशी हा गडी नव्या वेळेच्याही अर्धा तास उशिरा हजर! म्हणतो कसा, "आता टाइम हाय न्हवं, म्हणून जरा निवांत निघालो."

अण्णांचा आवाज शेजारच्या कंपनीत ऐकू गेला. "सर्जा! तुझ्यासाठी घड्याळ सरकवलंय, सूर्य न्हाय सरकवला!"

त्यानंतर सर्जेराव एकदाही लेट नाही. मला त्याचा जरा रागच आहे. माझी तीन पत्रं फुकट गेली.

* * *

व्हिजिटर रजिस्टरात एक नोंद आहे : 'बँकेचे साहेब. गेट ते ऑफिस, पंधरा मिनिटे.' चालत गेलं तर एक मिनिट लागतं.

त्याचं असं झालं. आमच्याकडं साफसफाईला हौसाक्का आहेत. वय साठीच्या आसपास, आवाज पंचविशीतला. मी त्यांच्याशी जपूनच बोलतो. अण्णा बँकेच्या साहेबांना घेऊन ऑफिसकडं निघाले आणि हौसाक्कांनी नुकतीच फरशी पुसलेली.

"आण्णाऽऽ! तितंच थांबा! बूट बघा की जरा तुमचं, आता कंबर मोडून पुसलंय!"

अण्णा जागच्या जागी थांबले. साहेबांनाही हातानं थांबवलं. मग दोघं मागं वळले आणि भंगाराच्या यार्डाला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले. साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "मालकीणबाई का?"

"व्हय," अण्णा म्हणाले, "फरशी वाळंपर्यंत."

* * *

आता हा जरा वेगळा.

अण्णांचा एक जुना नियम होता, त्यांचा एकुलता एक. उपाशी माणसाला झापायचं नाही. कुणाकडनं चूक झाली की अण्णा एवढंच म्हणायचे, "जेवण झाल्यावर ये." मग डबा खाऊन माणूस गेला की केबिनची काच हलायची. मला हा नियम फार आवडायचा. निदान एक तरी नियम होता!

सुनंदा आमच्याकडं तपासणीला आहे. प्रत्येक तयार पार्टच्या भोकात मापाचं गेज घालून बघायचं आणि पास-नापास ठरवायचं, हे तिचं काम. एकदा तिच्या मुलीला ताप होता, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता आणि त्या नादात तिनं एक आख्खी पेटी न तपासता पास केली. गाडी गेटबाहेर निघाली तेव्हा हीच धावत आली आणि गाडीसमोर उभी राहिली. "सोडू नका, त्यातली पेटी मी बघितलीच न्हाय!"

पेटी उतरवली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जेवण झाल्यावर ये."

दोन वाजता केबिनची काच हलली. मी बाहेरच होतो. "पोरीला ताप हाय तर सुट्टी का न्हाय मागितलीस? मी काय वाघ हाय? गाडी अडवलीस म्हणून वाचलो!" झापणं संपलं. सुनंदा खाली मान घालून उभी होती, ती एकदम वर बघून म्हणाली, "अण्णा, एक बोलू? तुमी सकाळीच झापाय पायजे होतं. दोन वाजता काय होतंय ह्या काळजीनं माझा घास घशाखाली गेला न्हाय. डबा तसाच हाय बघा."

अण्णा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी समद्यांना उपाशीच झापत आलो की गं!"

त्या दिवसापासून नियम उलटा झाला. आधी झापायचं, लगेच, जागेवर. आणि मग त्या माणसाबरोबर बसून जेवायचं. सुनंदाचा डबा त्या दिवशी अण्णांनी निम्मा संपवला. ती घरी गेली ती अण्णांच्या गाडीतनं, मुलीला डॉक्टरकडं घेऊनच.

* * *

तर अशी ही माझी रजिस्टरं. ऑडिटला दाखवावं असं ह्यात एक पान नाही. ऑडिट आठवड्यावर आलं आणि वही कोरीच. मग मी माणसांच्या मागं लागलो.

नामदेवला म्हटलं, "तुझी काहीच तक्रार नाही?"

"होती की. मशीनवरच्या पंख्याची. सकाळी अण्णांना सांगितली, दुपारी नवा पंखा लागला."

"मग तीच लिही!"

"झालेल्या कामाची तक्रार लिवू? लोक येडं म्हणतील की मला!"

सर्जेराव म्हणाला, "माझी हाय एक, पण ती तुमच्यावर हाय. लिवली तर लाल शाई मारशीला." हौसाक्का तर झाडू आपटून म्हणाल्या, "मला देवानं तोंड दिलंय, वही कशाला पायजे?"

मी चहाला गाठलं, जेवताना गाठलं, शिफ्ट सुटताना गेटवर अडवलं. शेवटी म्हटलं, "खोटी लिहा, पण लिहा रे!" हे नेमकं अण्णांनी ऐकलं.

"माने! खोटं एक अक्षर वहीत गेलं तर याद राख. कोरी तर कोरी जाऊ दे."

"अण्णा, अठरा माणसं आहेत!" मी ओरडलो. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "त्यांना काय सांगू मी?"

"ते मी सांगीन," अण्णा म्हणाले आणि निघून गेले. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. नंतरचे दोन दिवस मी कँटीनकडं फिरकलोसुद्धा नाही.

ऑडिटच्या दिवशी मॅडम सकाळी नऊला आल्या. साध्या, शांत, फार न बोलणाऱ्या. मशीनं बघितली, पाण्याची टाकी बघितली, संडास बघितले. माझ्या पोटात सकाळपासनं पाण्याशिवाय काही नव्हतं. दीड वाजला तेव्हा केबिनमध्ये आम्ही तिघं, अण्णा, मॅडम आणि मी. त्यांच्या कागदावर एकच ओळ राहिली होती.

"तक्रार वही?"

मी खिळ्यावरनं वही काढून आणली, न उघडताच त्यांच्यासमोर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. कोरं पान बघायची हिंमत नव्हती हो.

मॅडमनी पान उलटलं. वाचायला लागल्या. वाचायला? मी वाकून बघितलं. अक्षर सुनंदाचं होतं.

'टाइम ऑफिसचे मानेसाहेब चार दिवस झाले तक्रार लिहा, तक्रार लिहा म्हणून आमच्या मागे लागले आहेत. डबासुद्धा धड खाऊ देत नाहीत. तोंडी सांगून ऐकत नाहीत म्हणून लेखी देत आहोत. मालकांनी बंदोबस्त करावा.'

खाली सेकंड शिफ्टच्या अठरा सह्या. त्यांच्याही वर पहिल्या शिफ्टचे नामदेव, सर्जेराव आणि सुनंदा. सगळ्यात शेवटी हौसाक्कांचा अंगठा, भलामोठा.

"माने कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"ही तक्रार खरी आहे?"

हो म्हणावं तर मी कामगारांना त्रास देणारा, नाही म्हणावं तर वही खोटी.

"खरी आहे, मॅडम," मी म्हटलं. "शब्द न् शब्द खरा आहे."

त्यांनी बोट पुढच्या रिकाम्या रकान्यावर ठेवलं. "मग यावर कार्यवाही काय केली?"

अण्णांनी वही स्वतःकडं ओढली. सावकाश वाचली, सह्यांवरनं अंगठ्यापर्यंत बोट फिरवलं. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"माने, जेवलास काय?"

"न्हाय, अण्णा."

"मग आधी झापून घेतो."

मॅडमनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांच्या कागदावरच्या त्या शेवटच्या ओळीपुढं टिक केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "घ्या झापून. मीही अजून जेवले नाहीये."