बुजगावण्यासाठी थांबलेली जीप

आमच्या घरात नजरेची एकच परीक्षा होती, सुईत दोरा ओवण्याची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चष्मा लावून दोऱ्याचं टोक ओलं करत बसायच्या. मी सुई नाकाशी धरून एका झटक्यात दोरा पार करायचे. औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरंही मीच वाचायचे. त्यामुळे माझी नजर लई तेज, हे साऱ्या कोळवण गावात ठरूनच गेलं होतं आणि मीही ते खरं मानून बसले होते. लांबचं सगळ्यांनाच धूसर दिसतं, अशी माझी पक्की समजूत होती. माणसं मी चालीवरून नाहीतर साडीच्या रंगावरून ओळखायचे. पुलाजवळच्या काकू मला शिष्ट म्हणायच्या, कारण त्यांनी लांबून हात केला तरी मी म्हणे ओळख दाखवत नसे. मी त्यांनाच भांडकुदळ समजायचे.

मग सासऱ्यांचा उजवा डोळा अधू झाला. त्यांना आम्ही मामा म्हणतो. रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन जीप पौडला न्यायची आणि वाटेत कुणी हात केला की त्याला मागं बसवायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. नवरा हिंजवडीला शिफ्टमध्ये अडकलेला. मामा जीप विकायला निघाले. मला ती जीप हवी होती, अगदी मनापासून हवी होती. एसटीच्या वेळा सांभाळून जगायचा मला वीट आला होता. मी म्हटलं, मी शिकते.

"तुजी नजर तेज हाय," मामा म्हणाले. "लायसन आणलंस तर जीप तुजी. न्हाई तर इकली समज."

शिकाऊ लायसन काढून मी मामांना शेजारी बसवून जीप चालवू लागले. गावचा रस्ता खड्ड्यांसकट पाठ होता, म्हणून बरं चाललं होतं. भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्याच शेताच्या वळणावर एक म्हातारा हात करून उभा दिसला. मी ऐटीत ब्रेक लावला.

"या बाबा, बसा मागं!"

म्हातारा ढिम्म. मी आवाज चढवला, हॉर्न वाजवला. मागून मोटारसायकलवर आलेले दोघं पोट धरून हसायला लागले.

"आगं, ते बुजगावणं हाय," मामा म्हणाले. त्याच्या अंगात त्यांचाच जुना शर्ट होता. आदल्याच आठवड्यात आत्याबाईंनी तो चढवला होता.

मामा हसले नाहीत. "फुडं पुलावर पाटी हाय, ती वाच," म्हणाले. मला पाटी सोडा, पूलही धड दिसत नव्हता. त्यांनी किल्ली काढून खिशात घातली आणि आम्ही घरापर्यंत चालत गेलो. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी एसटीनं पौड गाठलं. चष्म्याच्या दुकानातल्या पोक्त चाचांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी दुसऱ्याच ओळीत अडखळले.

"मायनस दोन," ते म्हणाले. "डोळा थोडा लांबट असला की लांबचं चित्र आतल्या पडद्याच्या अलीकडंच पडतं. जवळचं मात्र बरोबर पडद्यावर येतं."

मला ते लगेच पटलं. लावणीच्या वेळी बांधावरून फेकलेली रोपांची जुडी कधीकधी आपल्यापर्यंत पोचतच नाही, अलीकडंच चिखलात पडते. माझं सगळं जग तसं अलीकडं पडत होतं. आत्याबाईंना वयानं जवळचं दिसेना, मला लांबचं, आणि घरातली परीक्षा होती फक्त जवळची!

चष्मा तयार झाला त्या दिवशी दुकानाबाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. झाडाला वेगवेगळी पानं होती. डोंगरावर चरणारी गुरं होती, ती मी मोजली. अकरा होती. आनंदानं मी भर रस्त्यात हसत सुटले.

लायसनच्या परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी पार टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. मी नंबर वाचला आणि काचेवर चिकटवलेली मुलांची नावंही वाचून दाखवली.

"तेवढं विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

लायसन हातात आलं तेव्हा भात कापणीला आलं होतं. मामांनी किल्ली माझ्यापुढं धरली आणि शेजारी येऊन बसले. वळण जवळ आलं तसे ते एकदम ओरडले, "थांब, थांब, मानूस हाय!"

मी ब्रेकला पायही लावला नाही. "मामा, बुजगावणं हाय ते. शर्ट तुमचाच. वरून दुसरं बटण न्हाई."

मामांनी चांगला डोळा बारीक करून पाहिलं आणि मग मांडीवर थाप मारून हसले.

पुढं पुलाजवळ कुणीतरी उभं होतं. अजून बरंच लांब होतं आणि हातही वर झाला नव्हता. पण मला चेहरा स्वच्छ दिसला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून आधीच हाक मारली, "काकू, या, बसा मागं!"