माझ्यापायी एवढा कचरा

शाळेत शिकवायला निघालो होतो, तेव्हा सौंसरहून पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली." एवढंच बोलला. मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर उभा राहिलो, आणि रडू यायच्या आधी मनात आला तो वहिनीला दिलेला शब्द. त्या फोनला आता दीड महिना झाला.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी आठवीत असताना ती आमच्या बिनआईच्या घरात आली आणि तिनंच मला वाढवलं. कचरा होऊ न देण्याचं तिचं वेड पुष्कळ नंतरचं, गाय मेली तेव्हापासूनचं. दारची गाय तीन दिवस पोट फुगून तडफडली. मेल्यावर ढोरांच्या डॉक्टरानं पोट फाडलं, तर आत प्लास्टिकच्या पन्न्यांचा भलामोठा पीळ. त्यातल्या एका पन्नीवर पांढुर्ण्याच्या मिठाईच्या दुकानाचं नाव वाचता येत होतं. तिथून पेढे आणणारा घरात मी एकटाच. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून सलते...

त्या दिवसापासून घरातून पन्नी बाहेर पडली नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ती भंगारवाल्याला द्यायची. जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला की शेंडी पदरात बांधून आणायची, भांडी घासायला. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून शेजारणींना वाटायची. लोक हसत. मीही हसायचो. ती म्हणायची, "भाऊजी, जमीन बोलत नाई म्हणून तिच्या तोंडात काहीबी कोंबाचं काय?"

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नागपूर. मी सोबत जायचो. डायलिसिस झालं की नर्स नळ्या, सुया, हातमोजे, बाटल्या गोळा करून पिशवीत कोंबायची. वहिनी मान वळवून त्या पिशवीकडे पाहत राहायची. एकदा म्हणाली, "एवढी वर्सं जपलं, अन् आता माझ्यापायी एवढा कचरा होऊन राहिला."

"वहिनी, ते औषध आहे," मी म्हणालो.

"औषधच आहे. पण जाते कुठं ते?"

मी तिची चादर नीट करू लागलो. तिनं माझा हात धरला. "माझ्या तेरवीले पळसाच्या पत्रावळी आणजा. थर्माकोल नोको. तुमी आणजा, भाऊजी." मी हो म्हणालो.

आणि मी उशीर केला. सांगण्यासारखं कारण काहीच नाही. पत्रावळी आणायला निघणं म्हणजे ती गेली हे कबूल करणं, असं काहीसं वाटत होतं. अकराव्या दिवशी जवळच्या रामाकोना गावात पत्रावळी लावणाऱ्या बाईकडे गेलो. ती म्हणाली, "दोन दिसात एवढ्या कशा होतीन, गुरुजी? आधी सांगाले पायजे होतं." परतताना सौंसरच्या बाजारातून थर्माकोलच्या प्लेटांचे गठ्ठे मीच घेतले.

तेरवीला त्याच प्लेटा मांडल्या. जेवणं उरकली आणि घरामागं कोणीतरी उष्ट्या प्लेटांचा ढीग पेटवला. काळा, घशात बसणारा धूर अंगणात आला. दादा, म्हणजे माझा भाऊ, तेरा दिवस जागचा हलला नव्हता. तो उठला, टाक्यातून बादली भरली आणि आगीवर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मी बादली घ्यायला गेलो तर म्हणाला, "राहू दे." अर्धवट वितळलेला एक गोळा उरला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी तो घेऊन गेली. कुठं, ते ठाऊक नाही.

मागच्या रविवारी सौंसरला गेलो. दादा परसात, वहिनीच्या खताच्या खड्ड्याशी उकिडवा बसला होता. पुढ्यात संत्र्याची सालं, भाजीची देठं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो फावडं हातात धरून विचारत होता, "ती यावर माती किती टाकत होती रे? रोज टाके, का दिवसाआड?"

मी खड्ड्यात पाहिलं. पंचवीस वर्षं ती आमच्या डोळ्यांसमोर हे करत होती...

"मले नाई माहीत, दादा," मी म्हणालो.

त्यानं अंदाजानं एक फावडं माती टाकली.